हौसामावशीचा हलका हात

हौसामावशी माणसाच्या तोंडाकडं आधी बघायची नाही, पायाकडं बघायची. लोकलमध्ये, रेशनच्या रांगेत, लग्नातल्या पंगतीत, कुठंही. समोरची बाई "काय मावशी, बरं हाय ना?" म्हणून हसत उभी असायची आणि मावशीची नजर खाली, तिच्या घोट्यावर. मग उत्तर यायचं, "माझं बरं हाय. तुझ्या चपलेचा पट्टा रुतलाय बग." बायकांना राग यायचा. ही दिसली की आधी साडी खाली ओढावी लागते, असं आमच्या चाळीतली एकजण म्हणायची. मला तर पहिल्या दिवशी तिची भीतीच वाटली. कारण त्या काळात मी जगापासून एकच गोष्ट लपवत होते आणि ती नेमकी घोट्यापाशीच होती.

मी ब्रह्मपुरीकडची, चंद्रपूर जिल्ह्यातली. आठवीत शाळा सुटली, लग्न झालं, आणि नवऱ्याला तळेगावजवळ, वराळ्याच्या बाजूला कंपनीत काम लागलं म्हणून आम्ही एवढ्या लांब आलो. मलाही पॅकिंगला घेतलं. दिवसभर उभ्यानं काम. उजवा पाय संध्याकाळी भरून यायचा आणि सकाळी उतरायचा. पुढं सकाळीही उतरेना. आमच्या भागात असे पाय बरेच आहेत. माझ्या आईचे दोन्ही पाय तसेच, गुडघ्यापर्यंत खांबासारखे. हत्तीपाय. त्यामुळं हे काय असतं ते मला कुणी सांगायला नको होतं. मी फक्त नाव घेत नव्हते. नवऱ्याला म्हणाले, उभं राहून सुजतो. कंपनीत बूट घालताना फडक्यानं पाय आवळून घ्यायचे. घरमालकिणीला कळलं तर खोली जाईल, सुपरवायझरला कळलं तर काम जाईल, आणि गावाकडं कळलं तर आई रडेल, असं सगळं डोक्यात फिरत राहायचं.

चाळीच्या नळावर मी भांडी घासत होते. सलवार पार पावलांवर ओढलेली, भिजलेली. मावशी हंडा घेऊन आली. तिनं हंडा खाली ठेवला आणि उभी राहिली.

"कुठली गं तू?"

"चंद्रपूर."

"चंद्रपूर, ऊठ. खोलीत चल माझ्या."

मला वाटलं, नळाच्या पाळीवरून काही चुकलं. खोलीत गेल्यावर तिनं दार लावलं, कडी घातली आणि म्हणाली, "सलवार वर कर." मी केली. तिनं नडगीवर अंगठा टेकवला, तसाच धरून ठेवला आणि काढला. खड्डा पडला होता. तो खड्डा भरेस्तोवर दोघीही त्याच्याकडं बघत बसलो.

"गावाकडं कुणाला हाय?"

"माईले," मी म्हणाले आणि रडायला लागले.

"रडू नको. रडून पाणी उतरत आसतं तर माझा हात कवाच काठीवानी झाला आसता." तिनं डावी बाही वर सारली. आत कातडीच्या रंगाची घट्ट जाड बाही होती. तीही तिनं खाली सोलत आणली. तिचा डावा हात उजव्यापेक्षा दीडपट होता. कोपराची हाडं दिसत नव्हती. "छातीचा कॅन्सर होता. काढला. काखंतल्या गाठी बी काढल्या, मंग ह्यो भरला. ह्यो आमचा पाहुणा. जेवतो, झोपतो, जायचं नाव घेत न्हाई."

त्या हाताला ती पाहुणाच म्हणायची. पाहुणा आज रुसलाय. पाहुण्याला थंडी मानवत न्हाई. सकाळी बाही चढवताना, "चला पाहुणं, कामावर." हसत बोलायची, पण त्या हाताला ती काचेच्या भांड्यासारखं जपायची. डाव्या हातानं कढई उचलायची नाही, त्या हाताला सुई टोचू द्यायची नाही, भाजी चिरताना त्या हातात हातमोजा. डॉक्टरांनी तिला सांगून ठेवलं होतं की या हाताला जखम होऊन आत ताप शिरला तर दरवेळी हात आणखी जड होईल, आणि एखाद्या वेळी जिवावरही बेतेल. आणि तिचं पोट त्याच हातांवर होतं. ऑपरेशननंतर दवाखान्यात एका बाईनं तिच्या हातावरची सूज उतरवून दिली होती. मावशी ते बघत बघत शिकली, मग रीतसर शिकून आली आणि लोणावळ्याला डोंगराच्या अंगाला असलेल्या एका निसर्गोपचार केंद्रात लागली. "ह्यो हात गेला तर मी काय करू?" ती म्हणायची. "लेकाकडं जाऊन सुनंच्या दारात लसूण सोलत बसू?"

तिनं मला लगेच हात लावला नाही. "आदी डॉक्टर. चिठ्ठीबिगर मी कुणाचा पाय धरत न्हाई." स्वतः रजा टाकून ती मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली, तपासण्या झाल्या, गोळ्या मिळाल्या. आमच्या गावात अशा गोळ्या वाटायला यायचे तेव्हा लोक तोंडात धरून मागच्या दारी थुंकायचे, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "माझ्यासमोर गिळायच्या. आणि तोंड उघडून दाखवायचं." मी रोज तोंड उघडून दाखवत होते.

मग संध्याकाळी ती लोकलनं परत आली की मला बोलवायची. आधी चहा, तोही बशीतून. चहाशिवाय ती कुणाच्याही अंगाला हात लावत नव्हती. नखं इतकी बारीक कापलेली की बोटांची टोकं गोल दिसायची. हात धुवायचे, आणि ओले पुसून स्वतःच्या काखांत धरून गरम करायचे. "गार हात लागला की पाणी दचकतं," म्हणायची. सतरंजीवर मला आडवं केलं, पायाखाली उशा घातल्या, आणि बसली माझ्या डोक्याशी. बोटं माझ्या गळ्याच्या खाली ठेवली.

"मावशी, पाय दुखून राहिला. मान नाई."

"तुमच्याकडं भात पिकतं का?"

"पिकते न. बांध्या आहेत आमच्या."

"आमी खाचरं म्हनतो. मला सांग, वरपासनं खालपर्यंत सगळ्या खाचरांत पाणी तुंबलंय. आदी कुठला बांध फोडतीस?"

"खालचा."

"का? वरचा का न्हाई?"

"वरचा फोडला तर खालच्या बांधीत अजून भरन न."

"मंग डोकं चालतंय की तुझं." तिनं गळ्याच्या हाडामागच्या खळग्यात बोट टेकवलं. "पायातलं हे पाणी शेवटी हितं येऊन रगतात मिसळतं. ह्यो आपला खालचा बांध. ह्यो मोकळा केल्याबिगर मी पायाला हात लावला तर मी तुझी दुश्मन. आता गप पड आणि पोट फुगवून श्वास घे."

आणि हात इतका हलका की मला वाटलं, ही फसवून राहिली. गावाकडं आमची आत्या आईच्या पायाला तेल लावून अशी चोळायची की आई दातांत पदर धरायची. तेच औषध असतं असं मला वाटायचं. इथं मावशीची बोटं कातडीवरून घसरतही नव्हती. नुसती कातडी जराशी ओढायची आणि सोडायची, एका लयीत. मी म्हणाले, "जरा जोर द्या न."

"जोर? चपातीचं पीठ हाय का हे? ह्ये पाणी कातडीच्या लगेच खाली वाहतं. दाबलं की बसतं तितंच. हाकलल्यानं जात न्हाई, वाट दावली की आपसूक जातं."

खरं काम तर तिच्या मते पाय धुण्यात होतं. रोज साबणानं, आणि बोटांच्या बेचक्यांत जुन्या सुती फडक्यानं टिपून, बाळाच्या मानेखाली टिपतात तसं. कुठं चीर दिसते का ते बघायचं. अनवाणी चालायचं नाही, उंबऱ्यापर्यंतसुद्धा नाही. मग मलम, मग पट्टी बोटांपासून वर. मी घाईत पाय धुतला तर तिला न सांगता कळायचं. बेचक्याला नाक लावायची. "आज टिपलं न्हाईस." मी ओशाळायचे. तिला ओशाळणं वगैरे माहीत नव्हतं.

पुढं एका सकाळी पट्टी सोडली आणि मला घोट्याचं हाड दिसलं. बाहेरच्या बाजूचं, गोल. मी ते दिवसभर बूट काढून काढून चाचपत होते. संध्याकाळी धावत जाऊन दाखवलं. मावशीनं बघितलं. "बरं हाय," म्हणाली. "पण दिसलं म्हंजी मिटलं न्हाई. ह्ये जन्माचं हाय, चंद्रपूर. रोज धुवायचं." मी परत भ्याले. पण खरं सांगते, त्या दिवशी घरी आईला फोन केला तेव्हा पहिल्यांदा पायाबद्दल बोलले.

कंपनीतलं कंत्राट संपलं तेव्हा मावशीनंच केंद्रात शब्द टाकला. आधी चादरी-टॉवेल, मग तिच्या हाताखाली. तिथली मावशी मला नवीनच दिसली. तिथं येणाऱ्या बायकांसमोर ती 'नाही' म्हणायची, 'तुम्ही' म्हणायची, आणि दार बंद झालं की 'न्हाई' आणि 'तुमी'. पुण्या-मुंबईच्या बायका यायच्या. कुणाला लग्नाआधी चेहऱ्यावरची सूज उतरवायची, कुणाला नुसतं बरं वाटायला हवं. एकजण पडल्या पडल्या म्हणाली, "शरीरातलं सगळं विष काढून टाका."

"मॅडम, विष असतं तर तुम्ही घाट चढून गाडी चालवत आला नसता," मावशी म्हणाली. "लघवीला लागेल, झोप छान लागेल, चेहरा हलका दिसेल. दोन दिवस."

"फक्त दोन दिवस?"

"मग परत जसा देवानं दिला तसा."

मॅनेजरनं तिला बोलावून घेतलं. "मावशी, दोन दिवसांचं सांगायची काही गरज होती का?"

"मी न्हाई सांगितलं तर तिसऱ्या दिवशी आरसा सांगंल. मंग ती तुमाला फोन करंल, मला न्हाई."

ती बाई मात्र वर्षातून दोनदा यायला लागली. म्हणायची, मला तुमच्या हाताखाली झोप लागते. मावशी मला बाहेर येऊन सांगायची, "एवढ्या लांबून नुसतं झोपायला येतीया. घरी गादी न्हाई का काय कुणास ठावं."

पण ती नेहमी बरोबर असायची असं नाही. एकदा मुलीच्या आधारानं एक आजी आल्या. दोन्ही पाय सुजलेले, जिना चढून धाप लागलेली. मावशीनं विचारलं, रात्री किती उशा लागतात? आजी म्हणाल्या, तीन. मावशीनं हात मागं घेतले. "आधी हृदय दाखवून या. दोन्ही पायांचं पाणी वर सोडलं आणि हृदयाला झेपलं नाही तर?" मुलगी चिडली, खूप बोलली, पण आजींना घेऊन पावसातून खाली दवाखान्यात गेली. संध्याकाळी परत आली ती आणखी चिडून. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, लांबच्या प्रवासानं पाय आले आहेत. तीन उशा आजींना लहानपणापासूनच लागायच्या. आमच्या सगळ्यांसमोर ती मावशीला वाट्टेल ते बोलली. मी टॉवेलांच्या ढिगामागं उभी होते. आता काम जातंय, आमचं दोघींचंही.

मावशीनं आजींना खुर्ची दिली, चहा मागवला. "चुकले मी," म्हणाली. मुलगी जरा थंड झाली. मग मावशी म्हणाली, "पण अशी आजी परत आली तर मी परत चुकेन."

आजींना हसू फुटलं.

मला शिकवायचं म्हणून तिनं स्वतःचाच हात दिला. खांद्याच्या मागं आणि पाठीवर तिला स्वतःचा हात पोचत नव्हता, तिथं कुणीतरी लागायचंच. पहिल्यांदा हात ठेवायच्या आधी मी ते दोनदा धुऊन आले. एवढी वर्षं जपलेला हात. आपल्याकडून काही बिघडलं तर?

"हात हाय का इस्त्री?" ती ओरडली.

मी हात उचलला.

"आता कुठं गेला? माशी बसली का उठली?"

असं रोज. 'इस्त्री' आणि 'माशी' यांच्यामधलं कुठंतरी ते बरोबर होतं, आणि ते मला सापडायला बरेच महिने गेले. सापडलं त्या दिवशी ती काहीच बोलली नाही. मी घाबरून विचारलं, "मावशी, चुकून राहिलं का?" तर ती घोरत होती.

आता त्या पावसाळ्याचं सांगते.

मावशीचं माहेर वडगावच्या पलीकडं, आत डोंगराकडं. भावाची भातशेती. दरवर्षी आवणीला, म्हणजे भात लावायच्या वेळी, ती एक दिवस जायचीच. जायचं नसतं हे तिला माहीत होतं. चिखल, पातीची धार, दगड, सगळं त्या हाताचं वैरी. दरवर्षी म्हणायची, बांधावर बसून येते. आणि दरवर्षी मी तिला जाताना सांगायचे, "मावशी, हातमोजा घाला." ती म्हणायची, "हातमोजा घालून आवणी? भाऊबंद हसून हसून खाचरात पडतील."

त्या वर्षी रविवारी गेली. सोमवारी सकाळी नळावर आली नाही. साडेसातच्या लोकलची वेळ झाली तरी दार बंद. मी कडी वाजवली. तिनं उघडलं, आत जाऊन परत भिंतीला टेकून बसली. डाव्या हातावर टॉवेल टाकलेला.

"सर्दी हाय," म्हणाली. "बरं झालं आलीस. जरा हात फिरव. पाहुणा तापलाय."

मी टॉवेल काढला. मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत लाल. हात लावायच्या आधीच झळ लागली. करंगळीवर दोन काळे टोचे आणि ती अंगठ्याएवढी सुजलेली.

"हे काय झालं?"

"खेकड्यानं धरलं. खाचराच्या बांधाला हात घातला, चांगला मोठा होता. म्या सोडला न्हाई त्याला. कालवण केलं त्याचं." तिनं हसायचा प्रयत्न केला. दात वाजत होते. "काखंपासनं सुरू कर. हळूच."

मी टॉवेल परत टाकला. "मी नाई करत."

"काय?"

"ताप असला, लाल असला, तर हात नाई लावायचा. तुमीच सांगतलं न मले."

"मला शिकवतीस? चंद्रपूर, तुला हात धरायला कुणी शिकवलं?"

"तुमी. म्हणूनच नाई करत."

ती पाठ फिरवून आडवी झाली. मी म्हणाले, दवाखान्यात जाऊ, रिक्षा आणते. ती भिंतीकडं तोंड करूनच बोलली, "दवाखान्यात गेलं की ठिवून घेत्यात. मागल्या खेपेला गेले तवा एक बाजू तितंच ठिवून आले. आता ह्यो हात मागतील. मी देणार न्हाई. तू जा कामावर."

एवढी मोठी बाई, आणि भीती माझ्यासारखीच होती. मला वाटलं होतं, भिणं हे माझ्याच एकटीच्या वाट्याला आलंय. मी बाहेर गेले नाही. उंबऱ्यात बसले. नवरा फोन करत होता, केंद्रातूनही फोन येत होता. मी उचलला नाही. तिला शिकवण्याएवढं माझ्याजवळ काय होतं? शेवटी जे मला खरंच माहीत होतं तेवढंच बोलले.

"मावशी, आमची माय दर पावसाळ्यात अशीच तापानं पडायची. लाल पाय, असाच गरम. आमी तिले दवाखान्यात नाई नेलं. आत्या तेल चोळत रायली. ताप दोन-चार दिवसांनी उतरायचा, आमाले वाटे, बरी झाली. पण दरवेळी पाय थोडा वाढून रायला. थोडा, मग अजून थोडा. पाय डॉक्टरनं नाई नेला मावशी. आमीच नेला, घरात ठेवून ठेवून."

बाहेर कुणीतरी नळ सोडून गेलं होतं, पाणी वाहत होतं. मग ती उठून बसली.

"पिशवी घे ती. आणि तो नळ बंद कर आदी. आणि रिक्षात मला धरू नको, मी काय म्हातारी न्हाई."

मी नाही धरलं. तळेगावच्या वाटेवर खड्ड्यात रिक्षा उडाली तेव्हा तिनंच माझा दंड पकडला आणि दवाखान्याच्या दारापर्यंत सोडला नाही.

डॉक्टर तरुण मुलगी होती. हात बघून तिनं पहिलं विचारलं, "यावर कुणी चोळलं वगैरे नाही ना?" मावशीनं माझ्याकडं बोट केलं. "ही चोळंना. मी सांगत होते." डॉक्टरीण म्हणाली, "मग ही शहाणी आहे." मावशी म्हणाली, "माझ्या हाताखालची हाय." आणि लगेच नर्सला पुण्याच्या भाषेत, "त्या हाताला सुई नाही हं. या हाताला लावा."

ताप उतरायला वेळ लागला. मी रोज कामावरून सुटले की परस्पर दवाखान्यात जायचे. वाटेत मनात तेच. रविवारी रात्रीच मी तिच्या दाराशी का गेले नाही? सोमवारी एवढा वेळ उंबऱ्यात बसण्याऐवजी तिला ओढून का नेलं नाही? डॉक्टरीण म्हणाली, वेळेत आणलंत, हात वाचला. पण हात पूर्वीसारखा झाला नाही. आणखी भरला. मूठ वळेना. बोटं अर्ध्यात येऊन थांबायची. आता दिवसभर हे काम करायचं नाही, असं तिला सांगितलं गेलं. ती ऐकून घेत होती आणि खिडकीतून खाली कुणाच्या तरी पायांकडं बघत होती.

लेक नाशिकला ड्रायव्हर आहे. तो मालकाची गाडी मागून तिला कायमचं न्यायला आला. चाळीतल्या बायका जमल्या. कुणी कुरडया दिल्या, कुणी तांदूळ. मावशीनं सगळ्यांना पायांवरून काहीबाही ऐकवलं, एकीला तर म्हणाली, "तुझ्या घरात ह्या टाचांचं मलम न्हाई का?" मग मला आत बोलावलं आणि हात पुढं केला. "बांध."

मी खाली बसले. बोटांपासून पट्टी सुरू केली, एकेक बोट, मग तळहात, मनगट, वर. दरवेळी ती म्हणायची, हितं सैल झाली, हितं आवळलीस, उसव परत. त्या दिवशी ती काहीच म्हणाली नाही. मी पार खांद्यापर्यंत गेले तरी नाही. मला वाटत होतं, एकदा तरी 'इस्त्री' म्हणावं. तिनं टोक खोचू दिलं, उठली आणि गाडीत जाऊन बसली. पाया पडायला वाकले तर म्हणाली, "माझ्या न्हाई, स्वतःचं पाय बग रोज." गाडी सुटली.

गाडी चाळीच्या बोळातून बाहेर गेली आणि माझ्या डोक्यात आलं, पट्टी मी घट्ट तर बांधली नाही? ती बोलली का नाही? घट्ट होती आणि माझं मन मोडेल म्हणून बोलली नसेल तर? नाशिकपर्यंत एवढा लांबचा रस्ता. बोटं निळी पडली आणि तिला झोप लागलेली असली तर? मी चपला तशाच अडकवून पळत सुटले. पळू नको असं मला तिनं हजारदा सांगितलं होतं. मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी कंपनीची बस आडवी वळत होती आणि गाडी तिच्यामागं थांबली होती. मागच्या काचेतून मावशीचं डोकं दिसत नव्हतं. उशांवर उंच ठेवलेला पांढरा हात तेवढा दिसत होता.

मी काचेवर थाप मारली. नुसतं धापा टाकत हाताकडं बोट दाखवलं. पट्टी बांधली की बांधणाऱ्याला बोटं हलवून दाखवायची असतात, रक्त नीट फिरतंय हे कळायला. बस वळून गेली, लेकानं गाडी सुरू केली, आणि काचेआड पट्टीतून बाहेर आलेली बोटांची टोकं हलायला लागली. अंगठा. मग पहिलं बोट, मग मधलं, मग अनामिका. गाडी पुढं निघाली तशी मी दोन पावलं सोबत गेले. करंगळी जरा उशिरा हलली, पण हलली.